वहीच्या कारखान्यातली लाल रेघ

मित्रांनो, मी रेघ आहे. हो, साधी रेघ! नदीकाठच्या एका गल्लीत वह्या बांधायचा कारखाना आहे आणि त्याच्या आतल्या भिंतीवर मला आडवी ओढलेली आहे. लाल ऑइलपेंटची, बोटभर जाड, तीन हात लांब आणि उजव्या टोकाला जराशी खाली झुकलेली. हसू नका. भिंतीवरच्या रेघेला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. पण ऐका, आणि जरा लवकर ऐका, कारण आज माझा जीव थाऱ्यावर नाही. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप सकाळीच फोनवर आला आहे. माझ्यासमोर चाळीस शाळांच्या वह्यांचे गठ्ठे रचलेले आहेत, उद्या सकाळी ते शाळांत पोचायचे आहेत, आणि इथे दहा माणसं नुसती उभी आहेत. कोणी हलत नाही. त्यांचं काय ठरतं ते कळेपर्यंत मला कोणाशी तरी बोललंच पाहिजे, नाहीतर या काळजीने माझे पोपडे निघतील.

माझा जन्म तीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा कारखान्याचे मालक तरुण होते. आज त्यांना सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्या वर्षी नदी पहिल्यांदा गल्लीत शिरली. बाबा छातीएवढ्या पाण्यात उभे राहून कागदाची रिमं वाचवत होते. वाचवत होते म्हणजे काय, एक डोक्यावर घेतलं की दहा हातातून सुटत होती. कोरा कागद भिजला की फुगतो आणि फुगला की दगडासारखा जड होतो. पाणी उतरल्यावर तोच कागद फावड्याने तोडून बाहेर टाकावा लागला. चार दिवस बाबा चिखल उपसत होते. पाचव्या दिवशी त्यांनी दुकानाच्या पाटीचा उरलेला लाल रंग काढला आणि भिंतीवर चिखलाचा डाग जिथे संपत होता, बरोबर तिथे मला ओढलं. फावडं मारून मारून त्यांचा हात कापत होता. माझं उजवं टोक झुकलं ते त्यामुळे. शेजारी त्यांनी साल लिहिलं आणि लहान मुलीला कडेवर घेऊन मला दाखवलं. ती मुलगी म्हणजे आजची ताई. तिने माझ्यावर बोट ठेवलं, तर रंग ओला होता. बोट लाल झालं म्हणून ती रडली.

मग मिस्त्री आला. मिस्त्री म्हणजे गल्लीतला सुतार. हात सोन्याचे, पण बोलायला लागला की रंधा थांबायचा. माझ्यापेक्षा एक वीत उंचावर त्याने भिंतीभर लोखंडी अँगल ठोकले आणि त्यांवर जाड फळ्या बसवल्या. पूर आला की सगळा माल फळ्यांवर चढवायचा, पाणी माझ्यापर्यंत येणार आणि माल वीतभर वर कोरडा राहणार, असा त्याचा हिशेब. बाबांना तो पटला. शेजारच्या बेकरीवाल्याला पटला. शिंप्याला पटला, बॅटरीवाल्याला पटला, खोकी बनवणाऱ्याला पटला. प्रत्येकाला तशाच फळ्या हव्या होत्या. पण त्यांच्या भिंती धुऊन झाल्या होत्या, डाग कोणाचाच उरला नव्हता. मिस्त्रीने पाणी भरलेली एक लांब पारदर्शक नळी आणली. नळीचं एक टोक बाबांनी माझ्यापाशी धरलं आणि दुसरं टोक घेऊन मिस्त्री शेजारच्या दुकानात गेला. नळीच्या दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीला थांबतं, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. मिस्त्रीने ती पातळी तिकडच्या भिंतीवर पेन्सिलीने नोंदली आणि पुढच्या दुकानात गेला. संध्याकाळपर्यंत आमचं धरून अकरा दुकानांत माझं माप झालं होतं.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. का चढू नये? नवं गिऱ्हाईक आलं की बाबा आधी मला दाखवायचे, मग वह्या दाखवायचे. नव्या दुकानदाराला जुना दुकानदार माझ्यासमोर आणून उभा करायचा. कोणी शंका काढली की बाबा म्हणायचे, ही काळ्या दगडावरची रेघ आहे. माझी भिंत विटांची आणि चुन्याची, पण मी काही बोलले नाही. कौतुक कोणाला नको असतं?

पुढच्या वर्षांत दोनदा पाणी आलं. एकदा गुडघ्याएवढं, एकदा कमरेएवढं. दोन्ही वेळा माल फळ्यांवर चढला आणि कोरडा राहिला. दोन्ही वेळा बाबांनी पाणी उतरल्यावर माझ्याकडे बघून मान हलवली. झालं! त्यानंतर माझ्यावर लोकांचा इतका भरवसा बसला की त्यांनी विचार करणंच सोडून दिलं. कारखान्याच्या वरची खोली आधी कागद ठेवायला राखलेली होती. ती आता कशाला अडकवायची, म्हणून बाबांनी एका मास्तरांना शिकवणीसाठी भाड्याने दिली. विम्याचा हप्ता थकला तो थकलाच. पूर्वी पावसाच्या दिवसांत कागद थोडा थोडा आणायचे, तो आता वर्षाचा एकदम भरू लागले. फळ्या वाकल्या तेव्हा मिस्त्रीने खाली टेकू दिले. मित्रांनो, मला तेव्हा एकदाही वाटलं नाही की हे चुकतंय. खोटं कशाला बोलू? मला आवडत होतं.

हळूहळू मला कोणी बघेनासंही झालं. माझ्यावर कॅलेंडर लटकलं. मावशींच्या खळीचे शिंतोडे माझ्यावर वाळले. मावशी म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या कामगार. खळ लावून वहीला पुठ्ठा चिकटवावा तो त्यांनीच. तोंड मात्र हातापेक्षा तिखट. एकदा रंगारी भिंतीला चुना लावताना मला पुसायला निघाला तेव्हा त्याच ओरडल्या की अरे, ती ठेव, तिच्यावर गल्ली उभी आहे. बोलायच्या त्या थट्टेने, पण ते खरं होतं.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एव्हाना ताई कारखान्यात बाबांच्या बरोबरीने काम करत होती. दुसऱ्या सत्राच्या वह्या बांधून तयार होत्या, चाळीस शाळांच्या. सकाळी धरणाचा निरोप आला, अगदी आजच्यासारखाच. ताई म्हणाली, मास्तरांची खोली मागून घेऊ, सगळं वर नेऊ. मावशीही म्हणाल्या की या खेपेला नदीचा आवाज वेगळा येतोय. बाबा शांतपणे कॅलेंडर उचलून माझ्याकडे बघत होते.

"रेघ आहे ना," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांत कधी खोटी ठरली का?"

ताईने पुढे वाद घातला नाही. वडिलांसमोर किती बोलायचं, असं तिला वाटलं असेल. सगळ्यांनी मिळून माल फळ्यांवर चढवला. मोटरी सोडवल्या आणि त्याही वर ठेवल्या. बाकीच्या दुकानांतही तेच चाललं होतं. दुपारी सगळे मास्तरांच्या खोलीत जाऊन चहा पीत बसले, आणि खाली मी एकटी राहिले.

पाणी आलं. गुडघ्याएवढं झालं तेव्हा मी निवांत होते. कमरेएवढं झालं तेव्हाही. मग ते माझ्या खालच्या कडेला लागलं आणि मी मनात म्हणाले, बास, आता थांब, तुझी जागा ही. ते थांबलं नाही. मित्रांनो, पाणी माझ्यावरून गेलं. गढूळ, थंड, डिझेलचा वास असलेलं पाणी. मला काही दिसेना, पण ऐकू येत होतं. आधी टेकू सुटले. मग खालचे गठ्ठे फुगले, त्यांनी वरच्यांना ढकललं, आणि कोरडे राहिलेले गठ्ठेसुद्धा एकामागून एक पाण्यात पडायला लागले. प्रत्येक गठ्ठा पडला की मला वाटायचं, हा माझ्यामुळे पडला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाणी उतरलं तेव्हा नवा डाग माझ्यापेक्षा हातभर वर होता. अकराच्या अकरा दुकानांत माल एकाच उंचीवर होता, त्यामुळे अकराच्या अकरा दुकानांत तो सारखाच बुडाला होता. एकाने फळी थोडी वर मारली असती, एकाने माल दुसरीकडे ठेवला असता, तर निदान एकाकडे उसनं मागता आलं असतं. पण सगळ्यांनी मलाच विचारलं होतं. नदीचंही काही विशेष चुकलं नव्हतं. वरच्या बाजूला तिच्या काठावर भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिची जागा कमी झाली, म्हणून ती वर चढली.

पाणी तीन दिवसांत गेलं, नुकसान मात्र वर्षभर गल्लीत राहायला होतं. शाळा काही वह्यांसाठी थांबत नाहीत. त्यांनी दूरच्या गावातल्या दुसऱ्या बाइंडरकडून वह्या घेतल्या आणि पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच गेल्या. बुडालेली मोटर दुरुस्त होऊन यायला दोन महिने लागले. कटिंग मशीनचं पातं गंजलं, नवं यायला त्याहून जास्त. तोवर काम नाही, म्हणून मावशी आणि सहा बायका चार महिने घरी. कटिंग करणारा काका तर पोटासाठी दुसऱ्या शहरात गेला तो परत आलाच नाही. आता बघा, या बायकांच्या हातात पैसा नाही म्हणून बेकरीवाल्याचा पाव खपेना. पाव खपेना म्हणून तो खोकी घेईना. खोकीवाल्याने आपला एक माणूस कमी केला. त्या माणसाने शिंप्याकडे शिवायला टाकलेले कपडे परत नेले, शिवायला दमडी नव्हती म्हणून. पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं नव्हतं, त्यांच्याही घरात पूर पोचला होता.

त्याच दिवसांत एका दुपारी बाबा हातात खरवडणी घेऊन माझ्यासमोर आले. त्यांनी माझं डावं टोक खरवडायला घेतलं. मला दुखलं का? दुखलं. पण मला वाटत होतं, खरवडा, संपवा एकदाची मला. वीतभर झाल्यावर त्यांचा हात थांबला आणि ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. ताई पुठ्ठ्यांचा लगदा भरत होती. ती येऊन शेजारी बसली.

"माझ्यामुळे झालं," बाबा म्हणाले. "तू सांगत होतीस."

"बाबा, रेघ खोटी नव्हती," ताई म्हणाली. "तेव्हा पाणी तिथवरच आलं होतं. तिला मागचं माहीत होतं, आणि आपण तिला पुढचं विचारत बसलो."

बाबांनी खरवडणी खाली ठेवली. मी वाचले, पण त्या दिवसापासून मला झोप नाही.

आठवड्याने मिस्त्री ब्रश आणि नळी घेऊन हजर. नवा डाग आहे तिथे नवी रेघ मारू, फळ्या हातभर वर घेऊ, पुन्हा सगळी गल्ली सारखी करून टाकू, असं तो म्हणत होता. बेकरीवाला, शिंपी, बॅटरीवाला सगळे त्याच्या मागे उभे होते. ताई नाही म्हणाली. पाणी किती वर येईल हे मला सांगता येत नाही, मिस्त्रीलाही येत नाही, पण कारखाना रिकामा करायला किती वेळ लागतो हे मोजता येतं, असं तिचं म्हणणं. लोकांना ते आवडलं नाही. अति शहाणी, असं कोणीतरी पुटपुटलं. मिस्त्रीने बाकीच्या दहा दुकानांत नव्या डागाची पातळी फिरवली आणि तिथे फळ्या हातभर वर गेल्या. आमच्याकडे नवी रेघ आली नाही.

आमच्याकडे घड्याळ आलं. एका सुट्टीच्या दिवशी ताईने सगळ्यांना बोलावलं, चहा-बिस्किटं दिली आणि म्हणाली, पूर आलाय असं समजा. पहिल्या खेपेला नऊ तास लागले, आणि मावशींनी तेवढा वेळ तोंड बंद ठेवलं नाही. मग ताई एकेक गोष्ट बदलत गेली. मोटरींना पान्याशिवाय हाताने सुटतील असे नट लावले. वह्यांचे गठ्ठे मावशींना एकटीने उचलता येतील एवढेच बांधायचे ठरले, कारण मोठा गठ्ठा दोघांनी धरला की दारात अडकतो. वरची खोली मास्तरांकडेच होती, म्हणून ताईने चढावर राहणाऱ्या आपल्या आत्याच्या घरातली एक खोली मागून घेतली, हातगाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवलं. अर्धा कागद कायम आत्याकडेच ठेवायला लागले. विमा पुन्हा सुरू झाला.

आधी काय न्यायचं यावरून मात्र बाप-लेकीचं वाजलं. बाबा म्हणायचे, कागद. सगळ्यांत जास्त पैसा त्यात गुंतलेला. ताई म्हणाली, कागद उद्या उधारीवर मिळेल. मोटर आणि पातं यायला महिने जातात, आणि तेवढे महिने बायका घरी बसतात. जे परत मिळायला सगळ्यांत जास्त दिवस लागतात ते सगळ्यांत आधी उचलायचं, हा तिचा नियम. कटिंग मशीन हलणारं नव्हतंच. त्याचं पातं काढायचं, अंगाला ग्रीस फासायचं आणि त्याला तिथेच सोडायचं. बाबांना हे कधी पटलं असं वाटलं नाही. सरावाच्या दिवशी ते हटकून कागदाच्या रिमांकडेच जायचे आणि ताई त्यांना मागे वळवायची.

याहून मोठं भांडण पुढे झालं. आमची चाळीस गिऱ्हाईकं ज्या बाइंडरकडे गेली होती, ताई त्याच्याकडेच निघाली. ज्याने ताटातला घास ओढला त्याच्याच दारात जाणार का, असं बाबांनी विचारलं. ताई गेली. आमच्याकडे पाणी भरलं तर आमच्या वह्या तुम्ही बांधून द्या, तुमच्याकडे आग लागली किंवा मशीन मोडलं तर तुमच्या आम्ही देऊ, असं ती त्याला म्हणाली. तो हसला, म्हणाला, तुमच्याकडेच पूर येतो, माझ्याकडे काही होत नाही. आणि दोनच वर्षांनी त्याच्या गोदामाचं छप्पर वादळात उडालं. ताईने आठ दिवसांत त्याच्या वह्या बांधून पाठवल्या, पुठ्ठ्यावर नाव त्याचंच ठेवून. त्यानंतर त्याने आपणहून चाळीस शाळांना सांगितलं की जुन्या बाइंडरकडे परत जायला हरकत नाही, मी त्यांच्या पाठीशी आहे. यंदा त्या शाळा परत आल्या. हेच ते गठ्ठे, माझ्यासमोरचे. शाळांनी सांगून ठेवलं आहे, या खेपेला वह्या वेळेवर आल्या नाहीत तर पुन्हा विचारायचं नाही. आणि ताईने मावशींना सांगितलं आहे, हे काम गेलं तर कारखान्याला कुलूप.

आता तुम्हाला कळलं ना, मी का अशी कासावीस आहे ते?

कारण गेल्या वर्षी काय झालं तेही सांगते. असाच निरोप आला होता. ताईने सगळं उचलायला लावलं. साडेतीन तासांत कारखाना रिकामा झाला, मला इतकं बरं वाटलं! आणि पाणी पायरीलाही लागलं नाही. गल्ली हसून हसून लोळली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, त्यावरून ताईचं नाव पडलं विंचूताई. बायकांची अंगं दोन दिवस दुखत होती. ताईने दिवसाची मजुरी दिली, पण हसू काही भरून देता येत नाही.

म्हणून आज सगळे उभे आहेत. मावशी म्हणतात, गेल्या वर्षी कंबर मोडली ती कशासाठी? दुसरी एक म्हणते, या पावसात हातगाडीवरून वह्या नेल्या तर पूर न येताच भिजतील, आणि मग शाळांना काय तोंड दाखवणार? ते काही अगदीच खोटं नाही. ताई अजून काही फर्मावत नाही. तिला हुकूम देता येईल, पण मन नसलेल्या हातांनी गठ्ठे उचलले तर ते पडतात, हे तिला माहीत आहे. बाहेर बेकरीवाला आपल्या दारात उभा राहून इकडे बघतोय, विंचूताई काय करते ते पाहायला. घड्याळात अकरा वाजून गेले.

थांबा. जिन्यावर काठीचा आवाज येतोय. बाबा वर मास्तरांकडे बसले होते, ते खाली येत आहेत.

सगळे बाबांकडे बघत आहेत, आणि मी तर सगळ्यांत जास्त. मला भीती वाटतेय मित्रांनो. पूर आला की बाबा आधी माझ्याकडे बघतात, तीस वर्षांची सवय आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की राहू दे, तर आज कोणी हलणार नाही. बाबा, नका बघू. मी काही सांगू शकत नाही हो!

बाबा माझ्यासमोरून गेले. कागदाच्या रिमांसमोरूनही गेले. रेघा आखायच्या मशीनपाशी पोचले, काठी टेकून ठेवली, खाली बसले आणि मोटरीचा नट फिरवायला लागले. एक सुटला. दुसरा घट्ट होता. कोणी पुढे होईना तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मावशी," ते म्हणाले, "मागे मी हिचं ऐकलं नाही, तेव्हा तुम्ही चार महिने घरी बसलात. तुमच्या कंबरेला मी औषध आणून देतो. मोटर गेली तर तिला औषध नाही. जरा धरता का?"

 मावशी पदर खोचून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, बाबा, सरका, तुमच्याने काय नट सुटतोय. बस्स! पुढचं काय सांगू तुम्हाला, मला सगळं नीट दिसतही नव्हतं, इतकी माणसं इकडून तिकडे जात होती. मोटरी गेल्या. पातं गेलं, फडक्यात गुंडाळून. मग गठ्ठे निघाले, प्रत्येकाला प्लास्टिक बांधलेलं, हातगाडीवर वरून ताडपत्री. एका बाईने सांगितलं की गठ्ठे आडवे नको, उभे लावा, म्हणजे गाडी गचकली तरी कोपरे दबत नाहीत. मघाशी भिजतील म्हणून जी अडवत होती तीच ही.

बाबा मात्र आत थांबले नाहीत. ताई हाका मारत होती, तरी ते काठी घेऊन पावसात गल्लीत उतरले. आधी बेकरीवाल्याकडे गेले. दार उघडं असल्यामुळे मला ऐकू आलं.

"ते माप माझ्या भिंतीवरचं होतं," बाबा म्हणाले. "मीच नळी धरली होती. आता कोणत्याच रेघेवर जाऊ नका. वेळ आहे तोवर माल काढा."

बेकरीवाला काहीतरी म्हणाला, बहुतेक फळ्या आता हातभर वर आहेत असं. बाबा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. पासष्टीचा माणूस, भर पावसात, ज्याला आयुष्यभर गल्लीने माप विचारलं तो हात जोडून उभा! बेकरीवाल्याने त्यांना आत घेतलं, टॉवेल दिला आणि आपल्या माणसाला फ्रीजची वायर काढायला सांगितली. मग बाबा शिंप्याकडे गेले. मग बॅटरीवाल्याकडे. तिथून पुढचं मला ऐकू आलं नाही, पण शटर वर जाण्याचे आवाज येत राहिले आणि हातगाडीवाल्याच्या नावाने चार जण एकदम ओरडत होते.

आता दोन वाजले आहेत. कारखाना रिकामा झाला आहे. कटिंग मशीन ग्रीस फासून कोपऱ्यात बसलं आहे. ताईने मेन स्विच बंद केला, एकेक कोपरा तपासला आणि कॅलेंडरसुद्धा काढून नेलं. आत्याच्या घरून मावशींचा फोन आला तो तिने इथेच उभं राहून घेतला. गठ्ठे सगळे पोचले, एकही भिजलेला नाही, आणि सकाळी टेम्पो तिथूनच शाळांकडे निघेल. ताईने फोन ठेवला, तोंडावर ओढणी धरली आणि थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून बाबांना शोधायला गेली.

मित्रांनो, आज पाणी किती चढेल ते मला माहीत नाही. कदाचित माझ्यावरून जाईल, कदाचित पायरीवरूनच परत फिरेल आणि उद्या गल्ली पुन्हा हसेल. हसली तर हसू दे. तुमच्या घरातही एखादं मोठं माणूस म्हणेल की इतकं काही आपल्याकडे कधी होत नाही. त्यांच्याशी भांडू नका. फक्त विचारा, उद्या झालंच तर आपल्याला बाहेर पडायला किती वेळ लागेल, आणि आधी काय उचलायचं? उत्तर कोणाला ठाऊक नसेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून सगळे मिळून करून बघा. आणि माझ्यासारख्या रेघा जपा जरूर, पण त्यांना पुढचं विचारू नका. आम्ही बिचाऱ्या सांगू शकत नाही, आणि गप्प राहिलो की तुम्हाला वाटतं आम्ही हो म्हणालो.

दारातून पाणी आत यायला लागलं आहे. फरशीवर पसरतंय, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बघतंय. बघ रे पाण्या, हवं तितकं बघ. इथे आता मी आणि एक ग्रीस फासलेलं मशीन, एवढेच आहोत.